माथेरानच्या पायवाटा आणि पायथ्याची वस्ती : चौक ते इर्शाळवाडी (१८५०–२०२३) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास बहुधा ‘शोधा’च्या कथेने सुरू होतो. सन १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदरा शोधले, सन १८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या कड्यावर चढला आणि मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याने माथेरान शोधले, अशी विधाने पाठ्यपुस्तकांपासून पर्यटनाच्या माहितीपत्रकांपर्यंत सर्वत्र आढळतात. चिखलदऱ्याजवळच गाविलगडाचा किल्ला आहे. तो १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने घेतला, म्हणजे ‘शोधा’च्या २० वर्षे आधी त्या डोंगरावर मोठी लढाई झाली होती. कोरकू व गवळी समाजाची वस्तीही त्या परिसरात होतीच. असे असताना ‘शोध’ हा शब्द कोणाच्या दृष्टीने वापरला जातो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही.

सकाळी डोंगर चढावा, रानातून हिंडावे आणि सायंकाळी पायथ्याच्या गावी परतावे, या एकदिवसीय डोंगरफेरीला आज गिरिभ्रमण अथवा पदभ्रमण म्हटले जाते. या फेरीचा इतिहास लिहिताना शिखरे, किल्ले, गिर्यारोहण संस्था व नामवंत भटके यांची नोंद होते. ज्या वस्तीच्या वाटेने माणूस वर जातो, ज्या वस्तीतला वाटाड्या पुढे चालतो, ती वस्ती मात्र या लेखनात अभावानेच दिसते. प्रस्तुत शोधनिबंधात माथेरान, प्रबळगड व इर्शाळगड या डोंगरसमूहाच्या आधारे ही उणीव तपासली आहे. या डोंगरसमूहाच्या पायथ्याशी असलेल्या चौक या गावातून मॅलेट १८५० मध्ये वर गेला आणि याच चौक परिसरातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. या दोन घटनांमधील १७३ वर्षांचा कालखंड हा या अभ्यासाचा विषय होय.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. माथेरान परिसरातील डोंगरफेरीच्या उगमाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. डोंगरफेरीच्या विकासात पायथ्याच्या व माथ्यावरील स्थानिक समाजांचे स्थान शोधणे.
३. वनकायदे, रेल्वे व पर्यटन यांचा या समाजांवर झालेला परिणाम पाहणे.
४. इर्शाळवाडी दुर्घटनेच्या संदर्भात स्थानिक इतिहासलेखनाची गरज मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सन १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर, एकोणिसाव्या शतकातील माथेरानविषयक लेखन, शासकीय अधिसूचना व वृत्तपत्रीय वृत्ते या साधनांतील माहितीचा येथे उपयोग केला आहे.

डोंगरसमूहाची भौगोलिक ओळख :

माथेरान हे सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून सुटे झालेले, सुमारे ८०० मीटर उंचीचे पठार आहे. पूर्वेस उल्हास नदीचे खोरे व नेरळ, नैर्ऋत्येस प्रबळगड आणि दक्षिणेच्या अंगास चौक व इर्शाळगड अशी त्याची सर्वसाधारण मांडणी आहे. काळ्या कातळाचे आडवे थर, त्यांवर लाल मातीचा थर आणि त्यावर दाट सदाहरित व निमसदाहरित रान हे या पठाराचे वैशिष्ट्य होय. ‘माथ्यावरचे रान’ अशी माथेरान या नावाची व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते. हे नाव मराठी आहे आणि ते मॅलेटच्या आधीचे आहे. ज्या डोंगराला पायथ्याच्या माणसाने नाव दिले आहे, तो डोंगर त्या माणसाला अज्ञात होता असे म्हणता येणार नाही.

हा परिसर राजकीय इतिहासातही अपरिचित नव्हता. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत प्रबळगडाचा समावेश होता. किल्ला म्हटला की त्याची शिबंदी आली, धान्य व पाणी आले, सरपण आले आणि हे सर्व वर नेणारी माणसे व वाटाही आल्या. ठाकूर, कातकरी व धनगर हे या डोंगराचे जुने रहिवासी होत. माथेरानच्या शार्लट तलावाजवळ असलेले पिसारनाथाचे स्थान हे तेथील ग्रामदैवत मानले जाते. देवाला जाणे, गुरे चारणे, मध, हिरडा व सरपण गोळा करणे आणि बाजारासाठी खाली उतरणे या गरजांतून येथील पायवाटा तयार झाल्या. एका दिवसात डोंगर चढून उतरणे हा या लोकांच्या जगण्याचा नित्यक्रम होता. त्याला कोणी छंद म्हटले नाही, इतकेच.

मे १८५० : कलेक्टर आणि पाटील :

ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये माथेरानच्या ‘शोधा’ची हकिकत दिली आहे. मे १८५० मध्ये मॅलेटचा मुक्काम चौक येथे होता. एका सायंकाळी तो फिरावयास म्हणून ओढ्याच्या घळीने वर चढला. डोंगराची शोभा पाहून तो प्रभावित झाला आणि दुसऱ्या दिवशी चौकच्या पाटलास बरोबर घेऊन त्याने पुन्हा चढाई केली. आज ‘वन ट्री हिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोकाच्या बाजूने तो माथ्यावर पोहोचला व रानातून हिंडला. पुढे तो पुन्हा आला, त्याने तेथे राहण्याची सोय केली आणि माथेरानच्या वसाहतीचा प्रारंभ झाला.

या छोट्या हकिकतीतील एक तपशील महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी मॅलेट एकटा गेला, तेव्हा त्याची फेरी सायंकाळच्या फेरफटक्यापुरती राहिली. दुसऱ्या दिवशी पाटील बरोबर होता, तेव्हा तो माथ्यावरील रानात फिरू शकला. पाटील हा गावचा वतनदार. गावाची शीव, गायरान, पाण्याच्या जागा आणि डोंगरावरील वहिवाट यांची माहिती असणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. त्याला वाट ठाऊक होती म्हणूनच त्याला सोबत घेण्यात आले. तथापि वृत्तांतात मॅलेटचे नाव येते, पाटलाचे केवळ पद येते. पाटलाच्या पुढे रान जाणणारा एखादा ठाकूर वा धनगर चालत असेल तर त्याची तेवढीही नोंद नाही.

मॅलेटचे कर्तृत्व नाकारण्याचा येथे हेतू नाही. त्याने माथेरानला प्रशासनाच्या नकाशावर आणले. मात्र नकाशावर येणे म्हणजे शोध लागणे नव्हे. १८५० ची घटना ही खऱ्या अर्थाने स्थानिक ज्ञानाच्या हस्तांतराची घटना आहे. माथेरानच्या लिखित इतिहासातील ही पहिली एकदिवसीय डोंगरफेरी म्हणता येईल आणि ती दोन माणसांची आहे.

रस्ता, रेल्वे आणि माणसांचे श्रम :

मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कार्यकाळ १८५३–१८६०) याने माथेरानच्या विकासास चालना दिली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये नेरळमार्गे खोपोलीपर्यंत खुला झाला. त्यामुळे माथेरानचे मुख्य प्रवेशद्वार चौककडून नेरळकडे सरकले. ज्या गावाच्या वाटेने माथेरानचा इतिहास सुरू झाला, ते चौक मागे पडले. पायथ्याच्या वस्तीचे भवितव्य वाहतुकीच्या सोयीने कसे बदलते, याचे हे जुने उदाहरण होय.

नेरळहून वर जाणारे पाहुणे घोड्यावरून, पालखीतून किंवा माणसांनी खांद्यावर वाहिलेल्या खुर्चीतून जात. सामान हमालांच्या डोक्यावरून जाई. थंड हवेच्या ठिकाणाचा आराम हा अशा रीतीने पायथ्याच्या माणसाच्या श्रमावर उभा होता. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ मध्ये माथेरानवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच तेथील लोक, वनस्पती व प्राणी असे तीन घटक येतात. स्थानिक लोकांना डोंगराच्या वर्णनात स्थान दिले गेले ही जमेची बाजू आहे. मात्र वनस्पती व प्राण्यांच्या रांगेत त्यांची गणना झाली, हेही नजरेआड करता येत नाही.

सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये नेरळ-माथेरान रेल्वेचे काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये ही २ फूट रुंदीची छोटी रेल्वे धावू लागली. सुमारे २० किलोमीटरच्या या वळणदार मार्गाने माथेरान मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. ही रेल्वे अतिवृष्टीपुढे अनेकदा हतबल ठरली. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेल्याने ती २००७ पर्यंत बंद होती. अशा प्रत्येक वेळी जुनी पायवाट व तीवरून ओझे वाहणारी माणसेच उपयोगी पडली. माथेरानमधील माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. एकोणिसाव्या शतकातील खांद्यावरच्या खुर्चीचा वारसा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीपर्यंत टिकून होता, हे यावरून दिसते.

वनकायदे आणि वहिवाट :

पर्यटकांसाठी डोंगर खुला होत असताना स्थानिकांसाठी तो आकुंचन पावत होता. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव व संरक्षित वनांची विभागणी झाली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकरी व आदिवासी यांची शेती रानाशी जोडलेली होती. भाताचे रोप टाकण्यापूर्वी झाडांच्या फांद्या व पालापाचोळा जाळून जमीन भाजण्याची ‘राब’ पद्धत आणि डोंगरउतारावरील ‘दळी’ शेती यांवर नव्या निर्बंधांचा थेट परिणाम झाला. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांची चौकशी हे त्याचे प्रमुख काम होते.

एकाच रानात दोन प्रकारचे चालणे होते. पाहुण्याचे चालणे हे आरोग्यदायी व सुसंस्कृत मानले गेले. लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईचे चालणे मात्र गुन्ह्याच्या कक्षेत येऊ लागले. माथेरानच्या टोकांना लुईझा, हार्ट, गार्बट, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन अशी नावे मिळाली व तीच नकाशावर रूढ झाली. नावे बदलली की वाटेवरील हक्काची भाषाही बदलते. पुढे ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र शासनाने माथेरान व परिसर हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश म्हणून अधिसूचित केला. त्याचे क्षेत्र २१४.७३ चौरस किलोमीटर आहे. निसर्गरक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने दुसऱ्या बाजूने आदिवासींवरील ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केला. रान राखणे आणि रानातील माणूस राखणे या दोन्ही गोष्टी कायद्याने मान्य केल्या, परंतु त्यांची सांगड घालण्याचे काम अपूर्ण राहिले.

१९४२ : पायवाटांचा राजकीय उपयोग :

डोंगरवाटांचे स्थानिक ज्ञान हे केवळ वाटाड्याच्या उपयोगाचे नव्हते, हे भाई कोतवाल यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमधील एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले, माथेरान नगरपालिकेत काम केले, परिसरातील शेतकरी व आदिवासींच्या मुलांसाठी शाळा चालविल्या आणि सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून धान्यकोठ्या उभारल्या. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे पाडून कारखाने व रेल्वे यांचा वीजपुरवठा खंडित करणे हा दस्त्याचा मुख्य कार्यक्रम होता.

हे मनोरे डोंगरदऱ्यांतून गेलेले होते. रात्री रानातून जाऊन काम करणे व उजाडण्यापूर्वी नाहीसे होणे हे वाटा ठाऊक असलेल्यांनाच शक्य होते. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. आजही दरवर्षी सिद्धगड येथे त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. १८५० मध्ये ज्या ज्ञानाने कलेक्टरला माथ्यावर नेले, त्याच प्रकारच्या ज्ञानाने ९२ वर्षांनी साम्राज्याच्या विजेच्या तारा तोडल्या. पहिल्या प्रसंगी ते ज्ञान निनावी राहिले. दुसऱ्या प्रसंगी त्याला नाव मिळाले, कारण माथेरानच्या समाजातून आलेला माणूस स्वतः इतिहासाचा कर्ता झाला होता.

स्वातंत्र्योत्तर काळातील गिरिभ्रमण :

स्वातंत्र्यानंतर डोंगरफेरीचे स्वरूप बदलले. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. १९८२ मध्ये पुण्यात ‘गिरिप्रेमी’ची स्थापना झाली. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांच्या लेखनाने मराठी मध्यमवर्गात किल्ल्यांची ओढ निर्माण केली. रविवारी पहाटेची कर्जत लोकल, नेरळ वा भिवपुरीचे स्थानक, पाठीवर पिशवी आणि सायंकाळी परतीची गाडी हा मुंबईकर तरुणांचा परिपाठ बनला. माथेरानच्या तुलनेत प्रबळगड, कलावंतीण व इर्शाळगड ही ठिकाणे अधिक खडतर असल्याने त्यांचे आकर्षण वाढत गेले.

या काळात पायथ्याच्या वाड्यांशी शहरी भटक्यांचे नवे नाते जुळले. प्रबळमाची, ठाकूरवाडी, इर्शाळवाडी या वस्त्यांत पाणी, चहा, भाकरी, मुक्काम व वाटाड्या यांची सोय होऊ लागली. पूर्वीच्या वेठीपेक्षा हे नाते निश्चितच अधिक समानतेचे होते. परंतु आठवड्यातून एक दिवस येणाऱ्याला जी वाट रम्य वाटते, तीच वाट आजारी माणसाला झोळीतून खाली नेताना जीवघेणी ठरते. गाडीरस्ता नसणे हे पर्यटकाच्या लेखी वैशिष्ट्य, तर रहिवाशाच्या लेखी वंचना होती. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. तेव्हाही ज्या वस्त्यांतून डोंगरवाटा जातात, त्या वस्त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न शिल्लकच होता.

१९ जुलै २०२३ : इर्शाळवाडी :

इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही खालापूर तालुक्यातील ठाकूर आदिवासींची वाडी. १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला. १९ जुलैच्या रात्री डोंगराचा भाग कोसळला व वाडीतील अनेक घरे मातीखाली गेली. वृत्तपत्रांतील वृत्तांनुसार रात्री शाळेत बसलेल्या काही तरुणांमुळे दुर्घटनेची वार्ता खाली पोहोचली. गाडीरस्ता नसल्याने यंत्रसामग्री वर नेता आली नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना अंधारात, चिखलात, पायी चढून जावे लागले आणि बरेचसे काम हातांनी करावे लागले. चढण चढताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. २७ मृतदेह सापडले व ५७ जण बेपत्ता राहिले. पुढे त्यांनाही मृत मानण्यात आले.

इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण व २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे अशाच दुर्घटना घडल्या होत्या. त्यानंतरही ही वाडी यादीबाहेर राहिली. भटक्यांच्या नकाशावर मात्र ती अनेक वर्षे होती. गडावर जाण्याची वाट, वाडीतील पाण्याची सोय, कातळातील नेढ्यापर्यंतचे अंतर असा सर्व तपशील डोंगरप्रेमींना उपलब्ध होता. वाडीच्या वरचा उतार, जुन्या घसरणीच्या खुणा, जुन्या माणसांच्या पावसाच्या आठवणी यांची नोंद त्या तपशिलात क्वचितच आढळते. वाट लिहिली गेली, वस्ती लिहिली गेली नाही.

दुसरी बाजूही नोंदविणे न्याय्य ठरेल. मदतीसाठी धावून गेलेल्यांत परिसरातील गिर्यारोहक व गिरिभ्रमण करणारे तरुण होते. वाट त्यांच्या पायाखालची होती. वाडीने त्यांना दिलेले वाटेचे ज्ञान त्या रात्री वाडीच्या उपयोगी पडले. वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन चौकजवळ नानिवली येथे करण्यात आले व सिडकोमार्फत घरे बांधण्यात आली. अशा प्रकारे डोंगरावरील वस्ती पायथ्याशी आली. तिच्या स्मृतीतील वाटा, झरे, देवस्थाने व रानातील जागांची नावे यांची नोंद झाली नाही, तर पुढील पिढीस त्या ऐकीवही राहणार नाहीत.

सेनगाव परिसराच्या संदर्भात :

वरील विवेचन कोकणाच्या बाजूचे असले तरी त्याचा बोध मराठवाड्यासही लागू पडतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत येणारे फाटे या जिल्ह्याच्या उत्तर भागात आहेत. हिंगोली येथे निजामाच्या फौजेची छावणी होती, तरी या डोंगरांवर थंड हवेचे ठिकाण वसले नाही. त्यामुळे येथील टेकड्यांना ना ‘शोधक’ मिळाला, ना गॅझेटिअरमधील दीर्घ प्रकरण. आंध आदिवासी, धनगर, बंजारा व इतर समाजांनी वहिवाटीने घडविलेल्या वाटा मात्र येथेही आहेत. गुरांच्या, देवाच्या, बाजाराच्या व सरपणाच्या या वाटा लिखित साधनांत सापडणार नाहीत. महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांसह एकदिवसीय डोंगरफेऱ्या काढून, गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना वाटाडे मानून, त्यांच्या नावानिशी या वाटांची नोंद केल्यास स्थानिक इतिहासाचे एक नवे साधन निर्माण होईल. त्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही.

निष्कर्ष :

१. माथेरानचा ‘शोध’ ही प्रशासकीय नोंदीची घटना आहे. तेथील वाटा, वस्ती व नाव त्यापूर्वीचे आहे.
२. मॅलेटची १८५० ची डोंगरफेरी चौकच्या पाटलाच्या साहाय्याने झाली. लिखित इतिहासाने मार्गदर्शकाचे पद ठेवले, नाव ठेवले नाही.
३. रेल्वे व वनकायदे यांमुळे पाहुण्याचे चालणे सुलभ झाले, तर रहिवाशाच्या वहिवाटीवर निर्बंध आले.
४. १९४२ च्या लढ्यात डोंगरवाटांचे स्थानिक ज्ञान स्वातंत्र्य चळवळीचे सामर्थ्य ठरले.
५. इर्शाळवाडी दुर्घटनेने वाटेची नोंद व वस्तीची नोंद यांतील अंतर उघड केले. हे अंतर केवळ इतिहासलेखनातील दोष नसून त्याचा संबंध माणसांच्या जीविताशी आहे.

डोंगरफेरीचा इतिहास हा केवळ चढणाऱ्यांचा इतिहास नाही. ज्यांच्या दारावरून वाट जाते त्यांचाही तो आहे. चौकच्या पाटलाचे नाव आता सापडणे कठीण आहे. आपल्या परिसरातील वाटाड्यांची नावे मात्र अद्याप लिहून ठेवता येतील आणि ते काम आजच्या पिढीतील अभ्यासकांनी हाती घेणे अगत्याचे आहे.